टाळ वाजतो आणि प्रेत बोलू लागतं

‘महानिर्वाण’ प्रेक्षकाला कीर्तनाला बसवतं आणि मग हळूच सांगतं, की समोरचा बुवा मेलेला आहे. भाऊराव स्वतःच्याच मरणाचं आख्यान लावतो. सतीश आळेकरांचं हे नाटक थिएटर अकादमीनं १९७४ साली आणलं. संगीत आनंद मोडकांचं, भाऊरावाच्या भूमिकेत चंद्रकांत काळे. चाळीपासून स्मशानापर्यंत आपल्याला नेण्याचं बरंचसं काम इथे नेपथ्य नव्हे, चाल करते. कीर्तनाचा ठेका देवळापासून अंगात मुरलेला असतो, मान आपोआप डोलते. शब्द मात्र जुन्याच स्मशानात जळायचा हट्ट धरून बसलेल्या प्रेताचे. आपण कशावर डोललो हे उमगेस्तोवर उशीर झालेला असतो. भीषण प्रसंगाला भीषण संगीत दिलं असतं, तर आपण सावध बसलो असतो.

‘घाशीराम कोतवाल’नं हाच खेळ आणखी निर्दयपणे केला. विजय तेंडुलकरांची संहिता, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांचं नृत्य. पहिला प्रयोग पुण्यात, १६ डिसेंबर १९७२. त्या प्रयोगातली ब्राह्मणांची रांग एव्हाना दंतकथा झाली आहे. डुलणारी, गाणारी ही रांग पाठ फिरवली की भिंत, बाजूला सरली की दरवाजा. काटकसर म्हणून तिचं कौतुक करणाऱ्यांना, माझ्या मते, ते नाटक कळलेलंच नाही. प्लायवूडची भिंत निरपराध असते. माणसांची भिंत ऐकते, बघते आणि गप्प राहते. नाना फडणवीसांची वासना या भिंतीआड चालते, तेव्हा अख्खं शहर त्यात सामील होतं, आणि त्यासाठी तेंडुलकरांना एक वाक्यही जास्त लिहावं लागत नाही. वर तोंडी देवाचं नाव. भक्तिसंगीतात लावणी मिसळत जाते, ठेका थांबत नाही आणि शेवटी घाशीराम दगडांखाली मरतो तरी उत्सव उरतोच.

दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’नं १९७४पासून प्रायोगिक नाटकांची जी चळवळ चालवली, तिथे नेपथ्याचा असा साधेपणा ही आधी गरज होती, शैली नंतर झाली. पण साधेपणाचंही सोवळं नको. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ला वाडा लागतोच, तो खचताना दिसला नाही, तर देशपांडे कुटुंबाचं खचणं अधांतरी राहील.

हल्ली मात्र वेगळाच जाच आहे. नायिकेचे डोळे भरायच्या आत स्पीकरमधून व्हायोलिन रडू लागतं. गेल्या वर्षी एका प्रयोगात ते इतकं आधी सुरू झालं, की शेजारच्या आजींनी वाक्य येण्यापूर्वीच पदर डोळ्यांना लावला. हुंदका नटीचा की ध्वनिमुद्रणाचा, ते कळलंच नाही.

अशा वेळी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आठवतं. १९६७चं ‘रंगायन’चं नाटक, अरविंद देशपांड्यांचं दिग्दर्शन, सुलभा देशपांड्यांची बेणारे. जागा म्हणजे गावातला एक हॉल आणि लुटुपुटीच्या खटल्यापुरतं सामान. खेळ म्हणून सुरू झालेला खटला बाईला फाडून खातो आणि खटला खेळणारी नटमंडळी रात्रीच्या प्रयोगाच्या तयारीला लागतात. त्या गावचा सामंत हळूच एक हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवून निघून जातो. मग कुठूनतरी, तिच्याच आवाजात, घरटं हरवलेल्या चिमणीचं बालगीत ऐकू येतं. वाद्यमेळ नाही. बेणारे तिथेच पडून असते.