परतीची हाक आणि राखीव जागा

कापसाच्या हंगामात आदिलाबादच्या बाजारात गाड्यांची रांग लागली आहे, अशी कल्पना करा. रांगेतील शेतकरी दर घटकेला काट्यापाशी जाऊन ‘आमची पाळी आली काय?’ असे विचारीत बसत नाही. ‘नंबर आला की हाक मारा’ एवढे सांगून तो गाडीखाली निवांत पथारी टाकतो.

संगणकाच्या आज्ञावलीतही हीच रीत आहे. तिला ‘कॉलबॅक’ म्हणतात. आपण तिला परतीची हाक म्हणू. अमुक घटना घडली म्हणजे कोणते काम करावयाचे, त्या कामाचा पत्ता आधीच नोंदवून ठेवावयाचा आणि घटना घडताच यंत्राने त्या पत्त्यावर हाक द्यावयाची. सी भाषेत कामाच्या प्रत्येक स्वतंत्र भागाला ‘फंक्शन’ म्हणतात. ते स्मृतीत कोठे तरी वसलेले असते, म्हणूनच त्याला पत्ता असतो. परंतु तेवढ्याने भागत नाही. पाणी सोडण्याचे काम एकच असले तरी ते कोणत्या वाफ्याला सोडावयाचे, हे कळावयास हवे. म्हणून नोंदीत दोन पत्ते लागतात: एक कामाचा, दुसरा त्या कामाच्या माहितीचा.

आता खरा प्रश्न असा की, ही नोंद आणि ही माहिती ठेवावयाची कोठे? मोठ्या संगणकावर लागेल तेव्हा जागा मागून घ्यावी व काम सरताच परत करावी, अशी सोय असते. आमच्या मुलांनी शाळेच्या बागेसाठी पंप चालविणारे यंत्र केले, तेव्हा त्यांनी हाच मार्ग धरला. प्रत्येक हाकेसाठी नवी जागा, प्रत्येक लहानमोठ्या संदेशासाठी नवी जागा! यंत्रात ‘आर्डुइनो उनो’ हा बोर्ड होता, आणि त्याची चालू कामाची स्मृती अवघी २,०४८ बाइट.

पाच दिवस सारे सुरळीत चालले. सहाव्या दिवशी, ऐन सुट्टीत, यंत्र मुके झाले आणि चैत्राच्या उन्हात वांग्याच्या रोपांनी माना टाकल्या. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले की ते चाले. त्यामुळे मुले दोन दिवस तारा आणि पंपच तपासत राहिली. दोष आमच्याही शिकविण्यात होता. जागा कशी मागावी हे आम्ही सांगितले होते. नकार मिळाल्यास काय करावे, हे सांगितले नव्हते.

झाले होते ते असे. आवारात लहानमोठ्या गाड्या येतजात राहिल्या की मध्ये मध्ये फटी उरतात. फटींची बेरीज मोठी असली, तरी एका लांब गाडीपुरती सलग जागा मिळत नाही. गाड्या निदान सरकविता येतात. येथे स्मृतीतील वस्तू सरकविता येत नाहीत, कारण त्यांचे पत्ते इतरांनी लिहून घेतलेले असतात.

मग आम्ही आरंभीच आठ ओळींचा एक तक्ता राखून ठेवला. या बोर्डावर एक पत्ता २ बाइटांचा. प्रत्येक ओळीत दोन पत्ते, म्हणजे ४ बाइट. आठ ओळींना ३२ बाइट. एकूण स्मृतीचा हा केवळ चौसष्टावा भाग होय. प्रत्येक वाफ्याच्या माहितीला कायमचे घर दिले आणि संदेशांसाठी ठरीव लांबीची एकच जागा ठेवली. नववी नोंद आली, तर तिला स्पष्ट नकार मिळतो, आणि तो नकार पाहिल्यावाचून पुढे जावयाचे नाही, असा नियम केला.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. फंक्शन संपताच त्यातील तात्पुरती माहिती नाहीशी होते; तिचा पत्ता तक्त्यात कधीही लिहू नये. बिऱ्हाड उठून गेल्यावर त्या घरी हाक मारली, तर दुसराच कोणी ओ देईल!

ठरीव जागेत निभावून नेण्याची शिस्त आपल्या जिल्ह्याला नवी नाही. केस्लापूरच्या नागोबा जत्रेत मेस्राम कुळातील कुटुंबे शेकड्यांनी येतात. पण त्यांच्या स्वयंपाकाच्या चुली २२ च. चुली वाढवीत नाहीत. प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहतो.

अमेरिकेच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली, जेथे चूक परवडत नाही अशा आज्ञावलींसाठी दहा नियम मांडले. आरंभीची तयारी झाल्यावर नवी जागा मागू नये, हा त्यांतील तिसरा. त्याच नियमावलीत फंक्शनांच्या पत्त्यांचा वापरही वर्ज्य मानला आहे. कारण कोणती हाक कोणाकडे जाईल, हे केवळ वाचून पडताळणे कठीण होते. आपल्या लहानशा बागेत आपण इतके कठोर झालो नाही, तरी तक्ता आरंभीच भरावा आणि मागाहून बदलू नये, एवढा बोध त्यातून घ्यावाच.

अशा तक्त्याला मर्यादा आहे, हे खरे. किती हाका लागतील, याचा विचार आधी करावा लागतो. पण जागा अपुरी असेल, तर ते आपल्या डोळ्यांदेखत, पहिल्याच दिवशी कळते. सुट्टीत, कोणी नसताना, रोपे सुकल्यावर नव्हे.