एकच औषध, त्रास मात्र वेगळा : किमोथेरपी आणि आपली जनुके

४ फेब्रुवारी हा जागतिक कर्करोग दिन. दुसऱ्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला, स्तनविकाराने पीडित स्त्रियांची आश्रयदाती संत आगाथा हिचा सण येतो. या दोन दिवसांच्या निमित्ताने एका प्रश्नाचा आपण विचार करू या.

वसई-विरार परिसरातील अनेक भगिनी लोकलने दादर गाठून परळच्या टाटा रुग्णालयात उपचारांसाठी जातात. १९४१ साली सुरू झालेल्या या रुग्णालयाने असंख्य कुटुंबांना आधार दिला आहे. तेथे शेजारी बसलेल्या दोघींना एकच औषध मिळते. एक चार दिवसांत घरकामाला लागते, तर दुसरी अंथरुणाला खिळते. अशा वेळी ‘तुझे मनच खचले आहे’ असे दुसरीला ऐकवणे अन्यायाचे होय. यामागे कित्येकदा जनुकांचा हात असतो.

कॅपेसिटाबिन या गोळीचे उदाहरण घेऊ. शरीरात तिचे फाइव्ह-एफयू या औषधात रूपांतर होते. यकृतातील डीपीडी नावाचे विकर त्याचा बहुतांश भाग निकामी करते. हे विकर घडविणाऱ्या डीपीवायडी जनुकात जन्मजात दोष असल्यास औषध शरीरात साचत जाते. मग तोंडात फोड येतात, तीव्र जुलाब होतात, पांढऱ्या पेशी घटतात. क्वचित जीवावरही बेतते. म्हणूनच युरोपीय औषध संस्थेने २०२० साली उपचारांपूर्वी या विकराची चाचणी करण्याची शिफारस केली. दोष अंशतः असल्यास कमी मात्रेने सुरुवात करता येते. विकर मुळीच नसल्यास दुसरे औषध निवडावे लागते.

मात्र चाचणी निर्दोष आली म्हणजे त्रास होणारच नाही, असे नव्हे. नेहमीच्या चाचणीतील दोष प्रामुख्याने युरोपीय लोकांत आढळलेले आहेत. भारतीयांतील सर्व दोष तिच्यात सापडतीलच असे नाही. शिवाय वय, मधुमेह, यकृत, मूत्रपिंड व हृदयाची स्थिती यांचाही परिणाम होतो. डॉक्सोरुबिसिन देण्यापूर्वी हृदयाची तपासणी करतात ती याचसाठी.

येथे एक गल्लत टाळावी. १९९४ व १९९५ साली शोध लागलेली बीआरसीए १ व २ ही जनुके मुख्यतः कर्करोगाचा आनुवंशिक धोका सांगतात. त्यांतील दोष आईकडून तसाच वडिलांकडूनही येऊ शकतो. किमोथेरपी किती सोसेल, हे सांगणारी चाचणी निराळी.

म्हणून आम्ही आग्रहाने सुचवितो : कुटुंबात कोणाला किमोथेरपीचा फार त्रास झाला असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे. उपचार चालू असता १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. स्वतःच्या मनाने उपचार सोडू नयेत. मात्रा वा औषध बदलण्याचा मार्ग बहुधा खुला असतो. आणि शेजारणीला भेटायला जाताना इतरांच्या वेदनांच्या कहाण्या नेऊ नयेत. तिचा त्रास तिचाच आहे. तो आधी ऐकून घ्यावा.