तेरा आकड्यांतला भारत!

४९ ११ ४८ ९ ६ ३ ८५ ४ ६ १९ २ ७३ ७८

हे काय आहे, ओळखा पाहू! लॉटरीचं तिकीट? कुणाचा तरी लांबलचक फोन नंबर? की गणिताच्या बाईंनी दिलेली शिक्षा?

अंहं! दोस्तांनो, या तेरा आकड्यांचा अर्थ आहे, ‘देश : भारत’. बस्स, एवढंच!

आणि यात भारतासाठी इंग्रजीतली दोनच अक्षरं आहेत. आय आणि एन. मग दोन अक्षरांना तेरा आकडे कशाला? बाकीचे अकरा जण काय करताहेत? चला, एकेकाचा कान धरून विचारू!

पण आधी हे आकडे राहतात कुठे, ते सांगते.

शाळेत जाताना तुम्ही गळ्यात ओळखपत्र अडकवता ना? त्यावर नाव, इयत्ता, शाळा आणि खाली मुख्याध्यापकांची सही. वेबसाइटलाही असंच ओळखपत्र लागतं! आईने फोनवर बँकेची साइट उघडली, की फोन आधी दरडावतो, ‘तू खरंच बँक आहेस? दाखव कार्ड!’ साइट झटकन कार्ड पुढे करते. हे सगळं तुमची पापणी लवायच्या आत होतं. या कार्डाचं नाव डिजिटल प्रमाणपत्र. त्यावर सही कोण करतं? त्यासाठी खास संस्था असतात, जणू इंटरनेटच्या मुख्याध्यापक!

माणसांनाही हे प्रमाणपत्र मिळतं बरं का. आजोबांच्या शेताचा डिजिटल सही असलेला सातबारा घरी आलाय? त्या सहीमागे असंच एक प्रमाणपत्र असतं.

कार्डाचा हा नमुना १९८८ साली ठरला. त्याचं नाव मात्र अगदीच रूक्ष, एक्स ५०९! तेव्हा काही मंडळींच्या डोक्यात एक भलंमोठं स्वप्न होतं. साऱ्या जगाची मिळून एकच डिरेक्टरी करायची! त्यात प्रत्येकाचा पत्ता असा : देश, राज्य, गाव, संस्था, तिचा विभाग आणि शेवटी नाव. ती जगाची डिरेक्टरी काही झाली नाही. पण पत्ता लिहायची पद्धत प्रमाणपत्रात येऊन बसली ती बसलीच!

आपले तेरा आकडे राहतात ते याच पत्त्यात, ‘देश’ लिहायच्या जागी. आता वळू त्यांच्याकडे.

स्वयंपाकघरात जा. फळीवर डबे दिसतील. रवा, पोहे, साखर. झाकण न उघडता आत काय आहे हे कसं कळतं? चिठ्ठी चिकटवली असेल तर! कॉम्प्युटरही तेच करतो. फक्त तो भलताच शिस्तीचा. प्रत्येक डब्यावर तो आधी लिहितो, हा कशाचा डबा. मग लिहितो, आत किती आकडे आहेत. आणि मग आतला माल! प्रकार, मोजणी, माल. प्रकार, मोजणी, माल. शेवटपर्यंत हेच.

पहिला आकडा ४९. म्हणजे ‘मी पिशवी आहे’. पिशवीत कुठली वस्तू आधी आणि कुठली नंतर, याला काही अर्थ नसतो. पुढचा ११ म्हणतो, ‘माझ्यानंतर अकरा आकडे आत आहेत.’ बोटांनी मोजा बरं! ४८ पासून ७८ पर्यंत… बरोब्बर अकरा!

मग ४८. म्हणजे ‘मी आगगाडी आहे’. गाडीत डब्यांचा क्रम बदलायचा नाही. पुढे ९, म्हणजे गाडीत नऊ आकडे. हेही मोजा. जमलं?

गंमत म्हणजे, त्या पिशवीत बहुतेक वेळा एकच आगगाडी असते! एवढी मोठी पिशवी आणि आत एकच वस्तू. कधीतरी दोन ठेवाव्या लागल्या तर जागा असावी, म्हणून ही सोय. पाहुणे येतील म्हणून आजी दोन पोळ्या जास्त लाटते ना, तसंच काहीसं!

आता गाडीतला पहिला डबा. ६ म्हणजे ‘माझ्यात एक खूण आहे’. ३ म्हणजे खुणेचे आकडे तीन. आणि खूण? ८५ ४ ६.

ही खूण म्हणजे ‘देश’ हा शब्द! मग सरळ ‘देश’ का नाही लिहीत? अहो, जपानमधला मुलगा वेगळं लिहील, फ्रान्समधली मुलगी वेगळं. कॉम्प्युटरने किती भाषा शिकायच्या? म्हणून साऱ्या जगाने मिळून आकडे वाटून घेतले. ‘देश’ या खुणेचा पूर्ण पत्ता आहे २, ५, ४, ६. एखाद्या सोसायटीत इमारत २, जिना ५, मजला ४, घर ६ असतं ना, तसा! हा पत्ता जगात दुसऱ्या कशालाच दिलेला नाही. याच मजल्यावर घर ३ मध्ये राहतं ‘नाव’, ४ मध्ये ‘आडनाव’, ७ मध्ये ‘गाव’, ८ मध्ये ‘राज्य’. छान शेजार आहे की नाही?

पण थांबा! पत्ता आहे २, ५, ४, ६. आणि आपल्या रांगेत तर ८५, ४, ६ आहे. २ आणि ५ गेले कुठे? आणि हा ८५ कुठून टपकला?

पाटी घ्या. २ गुणिले ४० किती? ८०. त्यात ५ मिळवा. ८५! पहिले दोन आकडे एकाच सीटवर मांडीवर मांडी घालून बसलेत! एक जागा वाचवायची म्हणून ही युक्ती. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तर टाळीच वाजवली होती.

आता उरले चार. १९ म्हणजे ‘माझ्यात साधी इंग्रजी अक्षरं आहेत’. २ म्हणजे अक्षरं दोन. कॉम्प्युटरच्या हजेरीपटात मोठ्या ए चा नंबर ६५, बी चा ६६, सी चा ६७… असं मोजत जा. आय येईल ७३ वर आणि एन ७८ वर. पोचलो की भारतात!

बरं, इथे मराठी लिहिता येतं का? येतं की! फक्त १९ नंबरचा डबा चालत नाही. त्यासाठी वेगळा डबा, नंबर १२. इंग्रजीत पुणे लिहिलं तर अक्षरं चार आणि आकडेही चार. मराठीत लिहायला प, उकार, ण आणि मात्रा, असे चारच तुकडे लागतात. पण प्रत्येक तुकडा तीन आकडे खातो! एकट्या प चे आकडे २२४ १६४ १७०. चार त्रिक किती? बारा! म्हणजे ‘पुणे’ लिहायला डब्याचा नंबर १२ आणि मोजणीही १२. निव्वळ योगायोग, पण काय छान जमलाय!

आणखी एक ऐका. जावा नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, प्रमाणपत्राचा मालक कोण हे ज्या साच्यात ठेवतात, त्या साच्याचं नाव काय असेल? एक्स ५०० प्रिन्सिपल! हो, प्रिन्सिपल! पण हे छडीवाले नव्हेत हं. हे तसे प्रेमळ आहेत. दोन नावं सारखी आहेत का हे बघताना कुणी मोठ्या लिपीऐवजी छोटी वापरली, किंवा मध्ये चुकून दोनदा जागा सोडली, तर ते रागावत नाहीत. ‘एकच आहेत ही’ म्हणून मोकळे होतात. आपल्या इंग्रजीच्या बाई असं कधी करतील का?

हे प्रिन्सिपल नाव लिहून दाखवतात, तेही उलट्या क्रमाने! आकड्यांत देश पहिला असतो, लिहून दाखवताना देश शेवटी जातो. आधी नाव, मग संस्था, मग गाव… अगदी पोस्टाच्या पाकिटासारखं!

आता एक चोरीची गोष्ट. कान इकडे करा!

मोजणी आधी लिहायची, ही शिस्त आठवतेय ना? पण काही प्रोग्रॅम शब्द वाचताना मोजत नाहीत. ते वाचत सुटतात आणि शून्य हा आकडा दिसला की थांबतात. ‘शून्य आलं, म्हणजे शब्द संपला!’

समजा, एका चोराची चोर डॉट कॉम अशी साइट आहे. त्याने प्रमाणपत्रासाठी नाव दिलं, ‘माझीबँक डॉट कॉम, मग एक शून्य, मग डॉट चोर डॉट कॉम’. सही करणाऱ्या संस्थेने मोजणीप्रमाणे सगळं नाव वाचलं. साइट कुणाची, हे नावाच्या शेवटावरून ठरतं. शेवटी चोर डॉट कॉम! ते तर याचंच आहे. घे बाबा सही! मग ते कार्ड गेलं ब्राउझरकडे, म्हणजे आपण साइट बघतो त्या प्रोग्रॅमकडे. तो वाचत गेला, शून्य दिसलं आणि थांबला. त्याला काय दिसलं? नुसतं ‘माझीबँक डॉट कॉम’!

बाप रे! कार्ड एकच. एकाने वाचलं चोर, दुसऱ्याने वाचलं बँक!

सुदैवाने ही फट चोरांनी नाही, भल्या माणसांनी जगाला दाखवली. २००९ साली अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात एक मोठं संमेलन भरलं होतं. तिथे मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डॅन कामिन्स्की या दोघांनी, आपापल्या शोधातून, ती सगळ्यांसमोर मांडली. मग ब्राउझर बनवणाऱ्यांची धावपळ झाली आणि फट बुजवली गेली. एका शून्याने केवढा गोंधळ घातला!

हल्ली वेबसाइटचं नाव प्रमाणपत्रात एका वेगळ्या खणातही लिहितात. गूगलचा क्रोम तर २०१७ पासून त्याच खणात बघतो. जुन्या ‘नाव’ या घरात तो डोकावतही नाही! बिचारं घर नंबर ३.

तरी आपण त्या घराची बेल वाजवूच. ही घ्या नवी रांग. डबे उघडत जा, मोजणी करत जा आणि सांगा, आत कोण बसलंय?

४९ १२ ४८ १० ६ ३ ८५ ४ ३ १९ ३ ८३ ६५ ७३