न आलेल्या संकटाचा हिशेब

रोगी बरा झाला म्हणजे वैद्याचे यश साऱ्यांना दिसते. परंतु जो आजारीच पडला नाही, त्याच्यासाठी कोणी काय केले, हे कोणाला कळावे? प्रतिबंधाच्या शास्त्राची खरी अडचण हीच आहे. न घडलेली गोष्ट मोजावी कशी, हे या विषयात पीएच.डी. करणाऱ्याला प्रथम शिकावे लागते.

या शास्त्राला मानवी विकासाच्या अभ्यासाची जोड लागते. गर्भावस्थेपासून वार्धक्यापर्यंत कोणत्या वयात कोणता धोका असतो आणि कशाच्या आधाराने माणूस सावरतो, हे जाणल्यावाचून आधी उपाय करता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था काढली. तेथे नवजात बालके फार दगावत. १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर पाठविले. बाळाला ऊब कशी द्यावी, आईचे दूध कसे पाजावे, श्वास अडला तर काय करावे, जंतुसंसर्ग कसा ओळखावा व त्यावर औषध कसे द्यावे, हे त्या शिकल्या. दुसऱ्या ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवाच चालू राहिली. दोन्हीकडे जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद झाली. तिसऱ्या वर्षी हजार जन्मांमागे नवजात मृत्यू तुलनेच्या गावांत ५९.६, तर या गावांत २५.५ होते. १९९९ साली हे 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर नेली.

ती ४७ गावे मोजली नसती तर? मृत्यू घटले ते पीकपाणी बरे झाले म्हणून, असे कोणीही म्हणू शकला असता. कारण शोधणे, तुलना बांधणे, नोंद ठेवणे आणि उपाय फसला तरी तसे स्पष्ट लिहिणे, ही या शिक्षणाची चार अंगे होत.

आपल्या नावड्याभोवती शेते जाऊन कारखाने व इमारती आल्या. नव्या बिऱ्हाडांत बाळंतिणीजवळ आजी असतेच असे नाही. उद्या खाडीपलीकडच्या एखाद्या विद्यापीठातली विद्यार्थिनी वही घेऊन आपल्या दारी आली, तर तिला खरे ते सांगू या. त्या उत्तराचा उपयोग बहुधा आपल्याला होणार नाही. परंतु कोणाचे तरी मूल त्यामुळे वाचेल, आणि वाचले हे त्याच्या आईला कधी कळणारही नाही.