दर घासाला नवं पोट

डिडिनिअम हा पिंपाच्या आकाराचा एकपेशीय शिकारी. त्याचं आवडतं खाणं म्हणजे पॅरामेशिअम, आणि ते बहुतेक वेळा त्याच्याहून आकाराने मोठं असतं. तरी तो ते अख्खं गिळतो. उंदराने मांजर गिळावं तसा हा प्रकार! पण खरी गंमत गिळण्यानंतर आहे. ज्याला पोटच नाही, तो पचवतो कुठे?

तो दर घासाला नवं पोट शिवतो. भक्ष्याभोवती पेशीपटलाची पिशवी आवळली जाते आणि ती सुटून पेशीच्या आत तरंगू लागते. हीच अन्नरिक्तिका.

या पिशवीत काय शिजतं ते पाहायला महागडी यंत्रं लागत नाहीत. पॅरामेशिअमही आपला घास अशाच पिशवीत पचवतो. काँगो रेड या रंगात उकळलेलं यीस्ट पॅरामेशिअमला खायला घालायचं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. हा रंग सामू (pH) ५ च्या वर लाल दिसतो, ३ च्या खाली निळा. थोड्याच मिनिटांत पॅरामेशिअमच्या पोटातले लाल दाणे निळसर होऊ लागतात. पिशवीत आम्ल उतरलं! भक्ष्य जिवंत असेल तर ते इथेच संपतं. मग लयकारिका, म्हणजे पेशीतल्या पाचक विकरांच्या इवल्या पुड्या, येऊन पिशवीला मिळतात आणि आपले विकर तिच्यात ओततात. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ सुटे होऊन पेशीद्रवात झिरपतात. आम्ल ओसरतं, दाणे पुन्हा लालसर होतात.

लयकारिकांना हे नाव ख्रिश्चन द दुव्ह यांनी १९५५ मध्ये दिलं. शाळेत आपण त्यांना ‘आत्मघाती पिशव्या’ म्हणून पाठ केलं. मला हे नाव अन्यायाचं वाटतं. चुलीला सरण म्हणावं तसं. त्यांचं रोजचं काम स्वयंपाकघरातलंच आहे.

उरलेला चोथा पॅरामेशिअम एका ठरावीक जागेतून बाहेर टाकतो. अमिबाला कुठलीही जागा चालते. पिशवीचं पटल मात्र वाया जात नाही. पॅरामेशिअममध्ये त्याचे तुकडे पुन्हा मुखाकडे जातात आणि पुढच्या घासाची पिशवी त्यांतूनच बनते.

आपल्या शरीरातल्या भक्षक पेशी जंतूंना याच रीतीने गिळतात आणि जिरवतात. क्षयाचा जंतू नेमका मधल्या पायरीवर आडवा येतो. तो गिळला जातो, पण पिशवीला लयकारिकांशी मिळू देत नाही, आणि त्याच्यासाठी शिवलेल्या त्या पोटातच बिऱ्हाड थाटतो.