साडेचार किलोचा पेन ड्राइव्ह!

पेन ड्राइव्ह लावायचा, फाइल कॉपी करायची, काढून खिशात टाकायचा. यात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही. पण 1956 च्या आयबीएम रॅमॅकमध्ये 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि त्या कायमच्या आतच! जागा संपली की नवं युनिट घ्या.

1962 मध्ये आयबीएमने 1311 हा ड्राइव्ह जाहीर केला आणि चित्र बदललं. दिसायला वॉशिंग मशीनसारखा. वरचं झाकण उघडायचं आणि 1316 डिस्क पॅक आत बसवायचा. पॅक म्हणजे एकावर एक 14 इंची 6 तबकड्या, वजन सुमारे साडेचार किलो. सर्वांत वरची आणि खालची बाजू वापरत नसत, म्हणून उरल्या 10 बाजू. आता हिशोब करा: 10 बाजू × 100 ट्रॅक × 20 सेक्टर × 100 अक्षरं = 20 लाख अक्षरं. पगाराचा पॅक काढा, स्टॉकचा लावा, ड्राइव्ह एकच!

पण इथेच खरी गोम आहे. तबकड्या पॅकमध्ये आणि हेड ड्राइव्हमध्ये. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या तबकडीवर हेड हवेच्या थरावर तरंगतं, अंतर जेमतेम 3 मायक्रॉन. आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड! पॅक बदलताना धूळ शिरली की हेड तबकडीवर घासून चुंबकीय लेप खरवडायचं. हाच हेड क्रॅश. ऑपरेटरला वाटायचं ड्राइव्ह बिघडला. त्याने तोच पॅक दुसऱ्या ड्राइव्हला लावला की तिथलीही हेड्स गेली. साथीचा रोगच जणू!

दुसरी अडचण अलाइनमेंटची. एका ड्राइव्हवर लिहिलेलं दुसऱ्यावर वाचता यायला हवं, म्हणून ट्रॅक फार जवळ आणता येईनात. 1970 च्या 3330 मध्ये पॅकची एक बाजू फक्त हेडला जागा दाखवण्यासाठी राखली आणि एका पॅकची क्षमता 100 मेगाबाइटवर गेली.

1973 च्या 3340, म्हणजेच 'विंचेस्टर'मध्ये, हेड्सही तबकड्यांसोबत बंद डब्यात गेली. हा डबा काढता यायचा, पण 1975 च्या 3350 मध्ये तीही सोय गेली. क्षमता हवी तर हेड तबकडीच्या आणखी जवळ हवं, आणि मग धूळ अजिबात चालत नाही. म्हणून जुनी हार्ड डिस्क हाताशी असेल, तर चालू असेपर्यंत तिचं झाकण उघडू नका!