दुसरी नोकरी धरण्याआधी

आज पैशांबद्दल बोलायचंय. पण मंडळाच्या गणपतीत किंवा मुलांच्या वाढदिवसाला ज्या पैशांबद्दल आपण कधीच बोलत नाही, त्या पैशांबद्दल. घराच्या कर्जाचं आपण हौसेने सांगतो, व्याजदरासकट. क्रेडिट कार्डावर साचलेल्या कर्जाचं कोणी सांगत नाही. ते फेडण्यासाठी चालू नोकरी सांभाळून दुसरी धरावी का, हा आजचा विषय.

मी इथे डब्लिनमध्ये राहतो, आयटी कन्सल्टंट आहे, एमबीए केलंय. २०२३ च्या अखेरीला माझ्या तीन कार्डांवर मिळून २४,००० डॉलर थकले होते. चैन केली नव्हती. वडिलांची बायपास, त्यासाठी कोल्हापूरच्या दोन तातडीच्या फेऱ्या, आणि दोन प्रोजेक्टच्या मधले बिनपगारी तीन महिने. एमबीएला चक्रवाढ व्याजाची गणितं पटापट सोडवणारा मी स्वतःच्या कार्डाचं स्टेटमेंट उघडायचं टाळत होतो. बायकोला आकडा माहीत नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये मी एका दुकानात शेल्फवर माल लावायचं काम धरलं. रविवारी आठ तास आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी चार-चार तास. ऑगस्ट २०२५ मध्ये ते सोडलं. या वीस महिन्यांत जे कळलं ते चार प्रश्नांत सांगतो. प्रश्नांचा क्रम मोडू नका.

पहिला प्रश्न: तुम्हाला परवानगी आहे का?

ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर हा प्रश्न तुमच्यासाठी नाही. मी स्वतः ग्रीन कार्ड आल्यावरच हे काम धरलं. पण एच-१बी असेल तर नीट ऐका. तुमची कामाची परवानगी ज्या कंपनीने अर्ज केला त्या कंपनीपुरती आहे. दुसरीकडे काम करायचं तर त्या दुसऱ्या कंपनीनेही तुमच्यासाठी एच-१बीचा वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तोही त्या व्हिसात बसणाऱ्या कामासाठी. दुकानातलं काम त्यात बसत नाही. गाडी चालवायची किंवा जेवण पोचवायची ॲप्सही बसत नाहीत. "मी टॅक्स भरतो ना, मग झालं" असं मला एका तरुण मित्राने सांगितलं होतं. टॅक्स भरल्याने विनापरवाना काम परवानगीचं होत नाही. उलट त्याची नोंद राहते, आणि ग्रीन कार्डच्या शेवटच्या अर्जात, आय-४८५ मध्ये, विनापरवाना काम केलंय का हे थेट विचारलेलं असतं. दहा-बारा वर्षं ज्या रांगेत उभे आहात ती रांग ताशी वीस डॉलरसाठी पणाला लावू नका.

मग अशा घराने काय करावं? जोडीदाराची परवानगी तपासावी. मे २०१५ पासून एच-४ वरच्या काही जोडीदारांना वर्क परमिट मिळतं. साधारणपणे मुख्य व्यक्तीचा आय-१४० मंजूर असावा लागतो. एल-१ वाल्यांच्या जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळ्या परमिटशिवायही काम करता येतं. आणि आय-४८५ दाखल असून त्यावर परमिट आलेलं असेल, तर ते वापरण्याआधी वकिलाला विचारा, कारण त्याचा तुमच्या एच-१बीवर परिणाम होऊ शकतो.

दुसरा प्रश्न: पहिली नोकरी काय म्हणते?

सप्टेंबर २०२२ आठवतो? विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितलं, की प्रतिस्पर्धी कंपन्यांचंही काम करताना सापडलेल्या ३०० जणांना काढलं. त्याच्या आदल्याच महिन्यात स्विगीने मात्र आपल्या लोकांना अटींवर बाहेरचं काम करायला परवानगी दिली होती. म्हणजे सरसकट हो नाही आणि सरसकट नाहीही नाही. तुमच्या करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं.

कॅलिफोर्नियात नोकरी सोडल्यानंतर स्पर्धक कंपनीत जाण्यावरची बंदी बहुतेक वेळा कायद्यापुढे टिकत नाही. म्हणून अनेकांना वाटतं, की इथे काहीही चालतं. तसं नाही. नोकरीत असताना त्याच कंपनीच्या स्पर्धकाचं काम करणं, कंपनीच्या लॅपटॉपवर ते करणं किंवा एकाच तासाचे दोघांकडून पैसे घेणं, यात नोकरी जाऊ शकते. मी मॅनेजरला एक साधी ईमेल लिहिली: कामाच्या वेळेबाहेर, वेगळ्या क्षेत्रात, एका दुकानात काम धरतोय. "काळजी घे" एवढंच उत्तर आलं. ती ईमेल मी जपून ठेवली आहे.

तिसरा प्रश्न: हातात किती उरतं?

इथे माझ्यासारखे शिकलेलेही फसतात. मला तासाला वीस डॉलर मिळत होते. महिन्याचे साधारण ६९ तास, म्हणजे १,३८० डॉलर. खात्यात १,२६० जमा व्हायचे. मी खूश होतो.

घरी मी "ऑफिसचं जास्तीचं काम आहे" असं सांगत होतो. मार्चच्या शेवटी बायकोला माझ्या जॅकेटच्या खिशात दुकानाची पे-स्लिप सापडली. त्या रात्री आमच्यात जे बोलणं झालं ते इथे सांगत नाही. एवढंच सांगतो, की तिला कर्जाचा राग नव्हता, तीन महिने खोटं बोलल्याचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तीच स्लिप माझ्यापुढे ठेवली आणि विचारलं, "अहो, इथे फेडरल टॅक्ससमोर शून्य कसं?"

शून्य असं, की दुकानाच्या हिशोबात ती माझी एकुलती एक नोकरी होती. वर्षाला सोळा-सतरा हजार कमावणाऱ्या विवाहित माणसाचा फेडरल टॅक्स कापला जात नाही, कारण स्टँडर्ड डिडक्शनच त्याहून मोठं असतं. पण ते डिडक्शन माझ्या पहिल्या पगारात आधीच वापरलेलं होतं. दुसऱ्या नोकरीचा प्रत्येक डॉलर पहिल्या पगाराच्या डोक्यावर बसतो आणि सगळ्यात वरच्या दराने कर भरतो. आमच्यासारखं, नवरा-बायकोचं मिळून करपात्र उत्पन्न दीड ते दोन लाखांच्या दरम्यान असेल, तर फेडरल २२ टक्के, कॅलिफोर्निया ९.३, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर ७.६५, आणि राज्याचा एसडीआय एक टक्क्याच्या आसपास. बेरीज चाळीस. वीस डॉलरातले हातात बारा.

म्हणजे माझ्या १,२६० मधले सुमारे ४३० दर महिन्याला सरकारचे होते. बायकोने विचारलं नसतं तर पुढच्या एप्रिलमध्ये पाच हजारांहून मोठं बिल आलं असतं, आणि ते बहुधा पुन्हा कार्डावरच गेलं असतं. आम्ही त्याच आठवड्यात नवीन डब्ल्यू-४ भरून जास्तीचा कर पहिल्या पगारातून कापायला सांगितला. कॅलिफोर्नियासाठी डीई-४ हा वेगळा फॉर्म असतो, तोही भरला. पेट्रोल वजा करून खरे उरायचे ते महिन्याला ८०० डॉलर.

तुम्ही पगारी न राहता १०९९ वर काम घेतलंत, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे दोन्ही वाटे तुमचेच, म्हणजे साडेसात ऐवजी सुमारे १५ टक्के. शिवाय अंदाजी कर वर्षातून चार वेळा भरायचा: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि १५ जानेवारी.

चौथा प्रश्न: पैसे कुठे जाणार आणि कधी थांबणार?

आता ८०० डॉलर फार वाटत नाहीत. पण हे पाहा. २४,००० वर वर्षाला २४ टक्के म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याजच ४८०. मी दरमहा ७०० भरत होतो, त्यातले मुद्दलात जायचे २२०. त्याच गतीने, कार्डावर नवा खर्च न करता, कर्ज फिटायला ५९ महिने लागले असते आणि व्याज जवळजवळ १७,००० झालं असतं. त्यात हे ८०० मिळवून १,५०० भरले, की वीस महिने आणि सुमारे ५,२०० व्याज. दुसऱ्या नोकरीची खरी कमाई ही आहे: साडेअकरा हजारांहून जास्त वाचलेलं व्याज आणि तीन वर्षांहून जास्त वाचलेला काळ.

पण दोन अटी आहेत. ते पैसे रोजच्या खर्चाच्या खात्यात येताच कामा नयेत. आम्ही वेगळं खातं उघडलं आणि तिथून थेट सगळ्यात जास्त व्याजाच्या कार्डाला ऑटो-पे लावला. आणि सोडायची तारीख आधी ठरवायची. आमच्या फ्रिजवर "ऑगस्ट २०२५" असं लिहिलेला कागद होता, लेकीने लिहिलेला. तारीख नसली की दुसऱ्या पगाराची सवय लागते, खर्च वाढतो, आणि कर्ज फिटल्यावरही माणूस रविवारी घरी दिसत नाही.

आमच्या गावाकडे ऊस असलेला शेतकरी एखादी म्हैसही पाळतो. उसाचे पैसे यायला वर्ष लागतं, दुधाचे लवकर येतात. त्याला जोडधंदा म्हणतात. पण म्हशीच्या मागे लागून कोणी उसाचं पाणी चुकवत नाही. तुमचा ऊस म्हणजे पहिली नोकरी. तिच्यावर झोप उतरायला लागली, मीटिंगमध्ये डुलक्या यायला लागल्या, तर तास कमी करा. एच-१बीवर नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात, हे तर तुम्हाला माहीतच आहे.

आणि एक, दुसरी नोकरी शोधायच्या आधीच बघण्यासारखं. भारतात एनआरई ठेव आहे का? तिथे व्याज मिळतंय म्हणून आपण ती मोडत नाही, आणि इथे चोवीस टक्के भरतो. एनआरईचे पैसे इकडे आणायला आडकाठी नसते. आमची छोटी ठेव मी वर्षभर "अडीअडचणीला" म्हणून सांभाळली. अडचण दारात उभी होती तरी. तसंच कार्डाच्या बँकेला फोन करून हार्डशिप प्रोग्रॅम विचारा. १९५१ पासून काम करणाऱ्या नॅशनल फाउंडेशन फॉर क्रेडिट काउन्सेलिंगच्या सदस्य संस्था ना-नफा तत्त्वावर चालतात. व्याज कमी करून तीन ते पाच वर्षांत फेडीची योजना त्या बसवून देतात. "तुमचं कर्ज निम्मं करतो" म्हणून आधी फी मागणाऱ्यांपासून मात्र लांब राहा.

शेवटी, लाजेबद्दल. दुकानात कोणी ओळखीचं भेटेल, याची मला कामापेक्षा जास्त भीती होती. आणि भेटल्याच. मंडळातल्या एक काकू, रविवारी, ट्रॉली घेऊन. मी गुडघ्यावर बसून डाळींचे डबे लावत होतो. "अरे, तू इथे?" मी म्हटलं, "काकू, थोडं कर्ज झालंय, ते फेडतोय." बायकोशिवाय दुसऱ्या कोणाला मी हे पहिल्यांदाच सांगत होतो. काकू म्हणाल्या, "आमचे हे दिवसा शाळेत शिकवायचे आणि रात्री पेढीवर हिशोब लिहायला जायचे. दोन बहिणींची लग्नं केली त्यात. वरच्या फळीवरची तूरडाळ काढून दे मला."

मी डाळ काढून दिली. त्यांनी मंडळात कोणाला सांगितलं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

मंडळी, तुमच्या घरी असं कर्ज असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर सगळी स्टेटमेंट्स टेबलावर ठेवा आणि दोघांनी मिळून बेरीज करा. दुसरी नोकरी करायची की नाही, हे त्यानंतर ठरवा. व्हिसाचं वकिलाला आणि कराचं तुमच्या सीपीएला विचारून घ्या, कारण प्रत्येक घराचा हिशोब वेगळा असतो.